आनंदरावांचा कोट आणि माझा ‘कोण’

४ जानेवारी १९८८, सोमवार

बाबांना खताच्या दुकानातून मिळालेली डायरी त्यांनी मला दिली. प्रत्येक पानाच्या तळाशी शेतकऱ्यांसाठी एक सल्ला छापलेला आहे. आजचा सल्ला: पानांची खालची बाजूही तपासावी. आमच्या महाल वस्तीतल्या दोन खोल्यांत शेती म्हणजे एक तुळस. तिची तपासली. ठीक आहे.

आता मी कोण ते लिहून ठेवतो, म्हणजे पुढे थोर झालो तर चरित्रकाराची धावपळ नको. मी शरच्चंद्र, वय सत्तावीस, संख्याशास्त्राचा एम.एस्सी., महामंडळाच्या नागपूर कचेरीत ‘सिस्टिम इनचार्ज’. दिवाळीनंतर आमच्याकडे युनिक्सवर चालणारं एक मशीन आलं आणि त्याला जोडलेली आठ टर्मिनलं. टर्मिनल म्हणजे नुसता पडदा आणि कीबोर्ड; डोकं माझ्या काचेच्या खोलीत. मशीनचं डोकं म्हणतोय मी. माझं कुठे असतं याबद्दल सेक्शनमध्ये दुमत आहे.

मशीन तापू नये म्हणून काचेच्या खोलीत एसी आहे. मशीन मजेत आणि मी स्वेटरमध्ये. बाहेर सेक्शनमध्ये हशा पिकतो तेव्हा मला सगळ्यांचे दात दिसतात, विनोद ऐकू येत नाही. माझं नाव त्यांनी ‘काचेतला शरद’ ठेवलंय. मला माहीत नाही असं त्यांना वाटतं.

७ जानेवारी, गुरुवार

आज सगळ्यांना पासवर्डवर व्याख्यान दिलं. नवऱ्याचं नाव ठेवू नका, मुलाचं ठेवू नका, मनातलं कोणाचंही नाव ठेवू नका. चोर आधी तेच टाकून पाहतो. यमुताई म्हणाल्या, “मग कोणाचं ठेवू गा शरद, शेजारणीचं?” यमुताई आमच्या हेडक्लार्क. सेक्शनच्या आई, आणि सासूही त्याच.

आमचा क्लार्क शालिकराम कन्हानहून रोज येतो. त्यानं विचारलं, “शरदभाऊ, तुमचा काय हाय मंग?” मी म्हणालो, माझा प्रत्यक्ष ब्रह्मदेवाला ओळखता येणार नाही. मशीन आठ अक्षरं घेतं. माझा बरोब्बर आठ, अंगाचं माप घेऊन शिवल्यासारखा.

समोरच्या टर्मिनलवर पावत्या भरणाऱ्या प्रेमलतानं तेवढं सगळं लिहून घेतलं. ऐकणारी तीच एक. तिचं लॉगिन तयार करायलाही त्रास पडला नव्हता. तिथेही आठच अक्षरं मावतात आणि इंग्रजीत तिचं नाव कुठे कापावं लागत नाही. माझं कापून ‘शरच्च’ एवढं उरलं. कुणीतरी शिंकल्यासारखं वाटतं.

एक गंमत नोंदवून ठेवतो. सेक्शनमध्ये एक तपकिरी कोट आहे. आनंदराव नावाचे कोणी क्लार्क निवृत्त होताना तो विसरून गेले. तेव्हापासून जो कोणी अर्धा दिवस गायब होणार असेल, त्याच्या खुर्चीच्या पाठीवर हा कोट टांगतात. साहेबांनी विचारलं की, “हा काय कोट, आत्ताच इथं होते, चहाला गेले.” आता संगणकाच्या युगात कोटावर हजेरी! आपण किती मागासलेले आहोत.

१२ जानेवारी, मंगळवार

माझ्या हातून काहीतरी मोठं घडतंय. ‘हू’ असं टाइप केलं की मशीनवर आत्ता कोण बसलंय ते कळतं. पण कसं? कापलेलं नाव, टर्मिनलचा नंबर आणि वेळ. यातून माणूस काय कळणार! म्हणून मी शेलमध्ये एक स्क्रिप्ट लिहितोय, म्हणजे ओळीनं लिहून ठेवलेले हुकूम. ‘हू’कडून एकेक नाव घ्यायचं, ‘ग्रेप’ या अक्षरं शोधणाऱ्या हुकमाला ते वापरणाऱ्यांच्या फायलीत शोधायला लावायचं, पूर्ण नाव, सेक्शन आणि किती वेळ कीबोर्डला हात लागलेला नाही, हे सगळं एका ओळीत छापायचं. स्क्रिप्टचं नाव ‘कोण’.

पहिली चाचणी फसली. ‘राम’ शोध म्हटलं तर शालिकराम आला, गोदामाचा तुकाराम आला आणि ‘प्रोग्रॅम’ या इंग्रजी शब्दाच्या पोटातला रामही आला. ‘ग्रेप’ नुसती अक्षरं पाहतो, माणूस पाहत नाही. त्याला काय म्हणावं!

चाचणीसाठी म्हणून दिवसभर प्रेमलताचं नाव शोधत होतो. दर वेळी बरोबर सापडलं. चाचणी कसून करावी लागते.

१५ जानेवारी, शुक्रवार

‘कोण’ चालला! मी खोलीत एकटाच टाळ्या वाजवल्या. बाहेरच्यांना वाटलं, डास मारतोय.

एक शहाणपणही केलं. चंपतराव साहेबांचं नाव यादीत यायला नको. त्यांच्या केबिनमधलं टर्मिनल उद्घाटनाच्या दिवशी नारळ फोडून सुरू केलं, मीच त्यांचं लॉगिन करून दिलं, आणि तेव्हापासून त्यावर बाईसाहेबांनी विणलेला रुमाल आहे. मशीन रात्रंदिवस चालू असतं, म्हणून साहेबही रात्रंदिवस लॉगिनमध्ये असतात. तर ‘ग्रेप’ला उलटं वापरता येतं: या नावाची ओळ गाळ. गाळली. नोकरीत असं भान पाहिजे.

१९ जानेवारी, मंगळवार

गाढव. मी गाढव आहे. गाढवाला निदान दाखवायची हौस नसते.

चार वाजता साहेब काचेच्या खोलीत आले. त्यांना एसीत दोन मिनिटं बसायचं होतं, एवढंच. मी म्हणालो, “साहेब, एक गंमत दाखवतो,” आणि ‘कोण’ चालवला. साहेब चष्मा सारून वाचू लागले.

“हे शालिकरामपुढे काय लिहिलंय? दोन तास वीस मिनिटं?”

“तितका वेळ त्यानं कीबोर्डला हात लावलेला नाही साहेब.” पोरानं कविता म्हणून दाखवावी तशा थाटात मी हे बोललो!

साहेबांनी काचेतून बाहेर पाहिलं. शालिकरामचं टर्मिनल चालू होतं. खुर्चीवर आनंदरावांचा कोट होता. ते बाहेर गेले, मागोमाग मी.

“शालिकराम कुठाय?”

“आत्ताच होता साहेब, चहाला गेला,” यमुताई म्हणाल्या.

“सव्वादोन तास? काय पिऊन राहिला तो, अख्खा मळा?”

कोणी हसलं नाही. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. सकाळी लॉगिन करायचं आणि तसंच उघडं ठेवून निघून जायचं. टर्मिनल म्हणजे त्यांचा नवा कोट होता, आणि मी त्या कोटाचे खिसे साहेबांसमोर उलटे केले होते.

साहेबांनी तिथल्या तिथे नोटीस लिहायला सांगितली. खुलासा द्या, नाहीतर गडचिरोलीच्या पलीकडच्या गोदामावर बदली. प्रेमलतानं माझ्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा सरळ पाहिलं, आणि मी कोटाकडे पाहत राहिलो.

२० जानेवारी, बुधवार

कँटीनचा देवाजी चहाचा ट्रे घेऊन आला आणि माझ्या दारावरून पुढे गेला. मी हाक मारली. “तुमचा सांगितला नाही कोणी,” म्हणाला. बिचारा ओशाळला होता.

दुपारी यमुताई आत आल्या. उभ्याउभ्याच बोलल्या. शालिकरामच्या वडिलांना, बापूजींना, काही आठवत नाही. घरात कोणी नसलं की उठून नदीकडे चालायला लागतात. दिवाळीत एकदा पार वाळूत सापडले. शालिकरामची बायको मनकर्णा खाणीच्या दवाखान्यात नर्स आहे, तिची पाळी दुपारची. म्हणून शालिकराम दुपारी निघतो आणि त्याच्या उरलेल्या पावत्या प्रेमलता आणि यमुताई वाटून भरतात. एक पावती मागे राहिलेली नाही.

“मला का नाही सांगितलं?” मी विचारलं.

“तू कधी काचेच्या बाहेर येऊन विचारलंस का गा?”

बदली झाली तर बापूजींचं काय, हे मी विचारण्याआधीच त्या बाहेर गेल्या.

२४ जानेवारी, रविवार

कन्हानला जाऊन आलो. बसमध्ये माफीचं भाषण पाठ केलं होतं, त्यातला एक शब्द वापरता आला नाही.

मनकर्णा कामावर गेली होती. शालिकराम बापूजींना भाकर कुस्करून भरवत होता. दाराला आतून दोरी बांधलेली. बापूजी स्वच्छ धोतरात, ताठ बसलेले, अगदी शहाण्या माणसासारखे. मला पाहून म्हणाले, “कोन होय गा तू?”

“मी शरद. ऑफिसातला.”

“बरं बरं. बस.” जरा वेळानं पुन्हा, “कोन होय गा तू?”

माझ्या स्क्रिप्टला उत्तर देणं सोपं होतं. इथे दर वेळी नवीन उत्तर द्यावंसं वाटायला लागलं. शरद. महालातला. शालिकरामचा मित्र. हे शेवटचं बोलल्यावर शालिकरामनं एकदा मान वर करून पाहिलं, मग पुन्हा भरवायला लागला. पुढच्या वेळी बापूजींनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, “बापूजी, तुमच्या पोराले ज्यानं अडकवलं, तो मी.”

“बरं,” बापूजी म्हणाले. “जेवलास का?”

मला रडू आलं. लिहायला लाज वाटते, पण आलं. शालिकरामनं पितळी पुढे सरकवली. “राग तं लय आला होता शरदभाऊ. आताबी हाय थोडा. पण वांग्याचं भरीत हाय, जेऊन जा.”

जेवलो. तिखटामुळे डोळ्यांना पाणी आलं असं म्हणायची सोय झाली.

२७ जानेवारी, बुधवार

साहेबांनी बोलावलं. मंगळवारी मुंबईचे मोठे साहेब येणार. “त्याईले तुझा तो ‘कोण’ दाखवू. शालिकरामची केसच दाखवू. कंप्युटरनं शिस्त कशी आणली, समजलं पाहिजे मुंबईवाल्याईले.” मी “हो साहेब” म्हणालो. नाही म्हणायला दुसरा कणा लागतो, तो मला दिलेला नाही.

पण उपाय सापडला. साहेबांची ओळ गाळतो तशीच शालिकरामचीही गाळायची. यादीत तो दिसलाच नाही तर केस कसली? ‘ग्रेप’ला जिथे साहेबांचं नाव दिलं होतं, तिथेच एक जागा सोडून शालिकरामचं नाव लिहिलं आणि दोन्ही नावं मिळून अवतरणचिन्हांत टाकली. एका मिनिटाचं काम. इतकी साधी गोष्ट, चाचणीही घेतली नाही. साहेब कधीही टपकतात.

पानाच्या तळाशी सल्ला आहे: फवारणीचा प्रयोग आधी थोड्या झाडांवर करून पाहावा. डायरीवाल्यांना स्क्रिप्टमधलं काय कळतंय!

२ फेब्रुवारी, मंगळवार

जे झालं ते झालं तसं लिहितो.

दुपारी चार. मुंबईचे मोठे साहेब माझ्या खुर्चीत, चंपतराव साहेब शेजारी, काचेबाहेर अख्खा सेक्शन. शालिकरामही होता. यमुताईंनी त्याला आज थांबवून घेतलं होतं, आणि मनकर्णानं पाळी बदलून घेतली होती. दुपारपासून त्यानं कशालाही हात लावला नव्हता. नुसता काचेकडे पाहत बसला होता. मी ‘कोण’ टाइप केलं. निर्धास्त होतो.

पहिली ओळ: चंपतराव, सहसंचालक. आणि त्यापुढे, किती वेळ हात लागला नाही त्या रकान्यात: ‘ओल्ड’.

साहेब निवृत्तीला आलेले, त्यातून मशीन त्यांना असं म्हणणार!

“हे ओल्ड काय आहे?” मोठ्या साहेबांनी विचारलं.

“चोवीस तासांहून जास्त वेळ कीबोर्डला हात लागला नाही की असं येतं सर.”

“कधीपासून लागला नाही?”

इथे गप्प बसायला हवं होतं. पण मी घाबरलो की खरं बोलतो, हा माझ्यातला जुना दोष. “नारळ फोडल्यापासून, सर.”

मोठे साहेब आधी गालात हसले, मग सगळ्या अंगानं हसले. काचेबाहेर सगळ्यांचे दात दिसले. पहिल्यांदाच मला विनोद माहीत होता. पण दुसऱ्या ओळीवर शालिकराम होता, त्याच्यापुढे दोन तास.

चंपतराव साहेब लालबुंद. “मशीनले हात नाही म्हणजे काम नाही, असं थोडंच आहे सर? फायली पाहाव्या लागतात, माणसं भेटतात. हे मशीन म्हणजे काही हजेरीबुक नोहे.”

“बरोबर आहे,” मोठे साहेब म्हणाले.

दारातून यमुताईंचा आवाज आला. आवाज एकदम गोड. “साहेब, मग शालिकरामचंही असंच धरायचं का?”

साहेबांनी यमुताईंकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, मोठ्या साहेबांकडे पाहिलं.

“असंच धरा,” म्हणाले. “नोटीस फाडून टाका.”

संध्याकाळी शोधलं. अवतरणचिन्हात दोन नावं दिल्यामुळे ‘ग्रेप’ला वाटलं, एकाच ओळीत ‘चंपतराव शालिकराम’ असं लागोपाठ सापडलं तरच गाळायचं. असा माणूस महामंडळात नाही. म्हणून त्यानं कोणालाच गाळलं नाही.

पण बाहेर माझी कीर्ती झाली आहे. देवाजीनं दोन कप चहा आणला. शालिकरामनं माझे दोन्ही हात धरले. “जिगर पाहिजे बाप्पा,” म्हणाला. प्रेमलता म्हणाली, “तुम्ही असं काही कराल असं मला वाटलं नव्हतं.”

“मलाही,” मी म्हणालो. दिवसभरात शुद्धीवर राहून बोललेलं खरं वाक्य एवढंच. बाकी मी काही नाकारलं नाही. या डायरीशिवाय कोणाला ठाऊक नाही.

८ फेब्रुवारी, सोमवार

शालिकरामला सकाळी साडेसातपासून बसायची लेखी परवानगी मिळाली. दुपारी एकला सुट्टी. कल्पना प्रेमलताची, अर्ज यमुताईंचा. मशीनची खोली सकाळी कोण उघडणार, एवढा एक प्रश्न होता. मी उघडतो. आनंदरावांचा कोट आता बेकार झाला आहे, खुंटीवर आहे.

साहेबांनी टर्मिनलवरचा रुमाल काढला. मला बोलावून ‘कोण’ कसा चालवायचा ते कागदावर लिहून घेतलं. अधूनमधून चालवून पाहतात. का, ते मी विचारत नाही.

१७ फेब्रुवारी, बुधवार

पहाटे बाबांच्या छातीत कळ आली. मी आणि आई रिक्षात घालून त्यांना दवाखान्यात घेऊन गेलो. आई वाटभर रामरक्षा म्हणत होती, मी तिच्यामागे म्हणताना मध्येमध्ये चुकत होतो. दिवसभर कॉरिडॉरमध्ये बसलो. काय काय मनात आलं ते लिहिणार नाही.

संध्याकाळी डॉक्टरांनी विचारलं, “काल रात्री काय खाल्लं होतं?” बाबा म्हणाले, “तळलेली सांभारवडी.” “किती?” बाबा छताकडे पाहू लागले. हृदय ठणठणीत आहे. आईनं मोठा श्वास घेतला आणि मग त्यांना जे बोलली, ते वॉर्डातल्या सगळ्यांनी ऐकलं.

सगळं आटोपल्यावर आठवलं: आजपासून ऑफिसात ऑडिट. साहेबांनी दोनदा बजावलं होतं, इनचार्जनं जागेवरून हलायचं नाही. मी सकाळी मशीनची खोली उघडली नाही, रजा टाकली नाही, फोन केला नाही. दुसरी किल्ली यमुताईंकडे असते, तेवढं बरं. गडचिरोलीच्या पलीकडे आता माझीच रवानगी होणार. थोर माणसाच्या चरित्रात वनवास असतोच म्हणा.

१८ फेब्रुवारी, गुरुवार

काचेच्या खोलीत शिरलो तर माझ्या खुर्चीवर आनंदरावांचा कोट. मला उलगडेना. कोणीतरी विसरलं असेल म्हणून खुंटीवर लावला.

तेवढ्यात साहेब डोकावले. माझी तयारी होती. क्षमा हा शब्द ओठांवर होता. साहेब म्हणाले, “काल लय काम केलंस रे. ऑडिटवाले होते म्हणून मले तिकडे येता नाही आलं, पण दोनदा ‘कोण’ चालवून पाहिला. दोन्ही वेळी तुझा हात कीबोर्डवर. शाब्बास.” आणि गेले.

मी मशीनची कालची नोंद काढली. ‘शरच्च’, सकाळी दहापासून संध्याकाळपर्यंत, माझ्याच खोलीतून. माझ्या अंगाला घाम फुटला, एसीत. ब्रह्मदेवाला न कळणारा पासवर्ड! मी धावत बाहेर गेलो आणि ओरडलो, “कोणीतरी मशीन फोडलंय! माझ्या नावानं कोणीतरी आत शिरलंय!”

सगळे कीबोर्ड एकदम जोरात वाजू लागले.

“ओरडू नको गा,” यमुताई म्हणाल्या. “बाबा कसे आहेत ते सांग आधी. तुमच्या शेजारचा पोस्टमन सांगून गेला काल सकाळी.”

“बरे आहेत. पण पासवर्ड?”

शालिकराम घसा खाकरून म्हणाला, “आमी लय डोकं लावलं शरदभाऊ. कोनी म्हने आईचं नाव टाका, कोनी म्हने गनपतीचं. मंग यमुताई म्हनाल्या, प्रेमलता, वं, तू बस, तू टाक. पहिल्याच फटक्यात लागला.”

“मी कोणाला सांगितलं नाही काय टाकलं ते,” प्रेमलता म्हणाली. मान पावत्यांत.

“आम्हाला सांगायला कशाला पाहिजे वं,” यमुताई म्हणाल्या.

मी परत आत आलो. खरं म्हणजे पळालो. कान इतके गरम झाले होते की मशीनला धोका होता. इतके दिवस काचेआडून मी त्यांना पाहत होतो असं समजत होतो, आणि त्या काचेतून सगळ्यांना माझंच सगळं दिसत होतं. दिवसभर तिनं इथे बसून माझ्या नावानं कळा दाबल्या. आणि आत शिरताना तिला तिचंच नाव टाइप करावं लागलं असेल.

थोड्या वेळानं ती चहा घेऊन आली. “पासवर्ड बदला,” म्हणाली. “नियम तुम्हीच सांगितला होता. मी लिहून ठेवलाय.”

“काय ठेवू?”

“काहीही ठेवा. हा आता लपवून काय उपयोग?” आणि गेली. रागावली होती की काय, मला कळलं नाही.

पाच वाजता बदलायला बसलो. मशीननं आधी जुना विचारला. तो टाकला. मग नवा विचारला, आणि मला काही सुचेना. सुचेना म्हणून तसंच सोडून सवयीनं ‘कोण’ चालवला. यमुताई, आत्ताच. साहेब, आत्ताच. प्रेमलता: कीबोर्डला हात नाही, अकरा मिनिटं.

मी मान वर केली. हात मांडीवर ठेवून ती इकडेच पाहत होती.

स्वेटर काढला, खुर्चीवर टांगला आणि काचेच्या बाहेर गेलो.